घरच्या घरी हॉलो-बॉडी इलेक्ट्रिक गिटार: जमेल का, आणि कशी?

रंधेकर

मंडळी, गॅलरीतल्या सुतारकामाचा नाद जुना आहे. चौरंग झाले, पुस्तकांची मांडणी झाली, टेलिकास्टर छापाची एक सॉलिड गिटारही झाली आणि ती वाजते. आता हॉलो-बॉडी करायची आहे. आतून पूर्ण पोकळ, कमानदार टॉप म्हणजे पुढची फळी, त्यात इंग्रजी 'एफ'च्या आकाराची दोन भोकं (एफ-होल), दोन हंबकर (तारांचा आवाज उचलणारे दुहेरी गुंडाळीचे पिकअप). डोळ्यांसमोर गिब्सनची ईएस-१७५ आहे. पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो. यंत्रं म्हणाल तर हँड राऊटर, ड्रिल आणि जिगसॉ. बाकी रंधा, पटाशी, कानस.

विचारायचं ते असं. टॉप अखंड लाकडातून कोरावा की विनियरचे थर साच्यात दाबून करावा? माझा कल कोरण्याकडे आहे. थर चिकटवले की ते शेवटी प्लायवूडच, आणि प्लायवूडची गिटार करायला एवढी उठाठेव कशाला? बाजूच्या पट्ट्या घरी कशा वाकवायच्या? स्प्रूस, मेपल मागवणं परवडत नाही, मग इथलं कुठलं लाकूड चालेल? आणि पाऊस तोंडावर आहे, आत्ता सुरू करू की दसऱ्याला?

ज्यांनी खरंच केलं आहे त्यांनी लिहा. ज्यांनी नाही केलं तेही लिहिणारच, माहीत आहे.

बेसूर

मी नाही केलं. लिहितोय.

मिशिगनी मावळा

रंधेकर, तुमच्या लाडक्या १७५चा टॉप प्लायवूडचाच आहे हो! १९४९मध्ये ती आली तीच मेपलच्या थरांची. स्वस्त पडावी हा हेतू होताच, पण फायदा वेगळाच झाला. त्याआधीची ईएस-१५० (१९३६) कोरलेल्या स्प्रूसच्या टॉपची होती. जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चन १९३९मध्ये बेनी गुडमनच्या बँडमध्ये गेला तो तीच घेऊन. कोरलेला टॉप मोकळा हलतो. नुसत्या हाताने, अॅम्प्लिफायरशिवाय वाजवायचं तर ते वरदान. पण समोर स्पीकर ठेवला की तोच टॉप स्पीकरच्या आवाजाने हलायला लागतो, त्याने तारा हलतात, त्या पुन्हा स्पीकरमध्ये जातात आणि गिटार हंबरडा फोडते. थरांचा टॉप जड आणि ताठ, म्हणून जरा शांत बसतो. शिवाय १७५चा तो 'ठक्' असा आखूड, सुका सूर त्या थरांमुळेच येतो. तो सूर हवा असेल तर कोरून मिळणार नाही.

मी कालामझूपासून गाडीने तासाभरावर राहतो. पार्सन्स स्ट्रीटवरची गिब्सनची जुनी इमारत आणि तिची उंच चिमणी अजून आहे. कंपनी १९८४मध्ये तिथून नॅशव्हिलला गेली, तेव्हा मागे राहिलेल्या काही कारागिरांनी १९८५मध्ये त्याच जागेत हेरिटेज गिटार सुरू केली. तिथे कोरलेले आणि थरांचे, दोन्ही टॉप पाहिले आहेत. कोणी कमीपणाने बोलत नाही.

रंधेकर

@मिशिगनी मावळा, माहीत होतं हो. मुद्दा एवढाच की गिब्सनकडे प्रेस आहे, माझ्याकडे गॅलरी आहे.

बेसूर

"माहीत होतं हो" 😂

कृष्णाकाठ

मी मिरजेचा, त्यामुळे कोरण्याच्या बाजूने बोलणारच. तुम्ही कमानदार टॉप म्हणता, आमच्याकडे तिला तबली म्हणतात. सतार, तंबोरा दोन्हीला भोपळ्यावर तुनाच्या लाकडाची तबली बसते, ती सपाट नसते, किंचित फुगीर असते आणि हातानेच पातळ केली जाते. भोपळे मंगळवेढ्याकडून येतात, महिनोन् महिने सुकतात. गेली दीडशे वर्षं हे काम गावात चालू आहे. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं.

आता कामाचं सांगतो. कारागीर तबली पातळ करताना मापाची पट्टी फारशी लावत नाहीत. एका हाताच्या दोन बोटांत कडेला धरून दुसऱ्या हाताच्या पेराने मध्यावर टकटक करतात. आवाज 'टक' असा बंद आला तर अजून जाड, 'ठंम्' असा उघडला की थांबायचं. नवख्याने मात्र मापानेच जावं. आर्चटॉपला, म्हणजे कमानदार टॉपच्या गिटारला, मध्यावर साधारण ६ मिमी, कडेला ३ ते ४ मिमी. काठाच्या जरा आत एक पन्हळ येते, तिथे सर्वांत पातळ. आधी ड्रिलला खोलीची खूण लावून टॉपच्या आतल्या अंगावर सगळीकडे भोकं पाडायची, मग भोकांचा तळ दिसेनासा होईपर्यंत गोल पटाशीने काढत जायचं. म्हणजे आरपार जाण्याची धास्ती नाही.

लाकूड तून घ्या. हलकं आहे, ताठ आहे, कोरायला गोड आहे. मेपल नाही म्हणून रडू नका.

मिशिगनी मावळा

@कृष्णाकाठ, प्रतिसाद फार आवडला. पण सतारीसमोर शंभर वॉटचा स्पीकर ठेवत नाहीत.

कृष्णाकाठ

ठेवतात. गणपतीत या.

अर्धवट वायरमन

फीडबॅकबद्दल, म्हणजे त्या हंबरड्याबद्दल, थोडं. पोकळ पेटीतल्या हवेचा स्वतःचा एक सूर असतो, एफ-होल जितकी मोठी तितका तो वर जातो. तो साधारण खालच्या तारांच्या पट्टीत पडतो, म्हणून घुमायला लागते ती नेहमी त्याच एकदोन सुरांवर. बी. बी. किंग एफ-होलमध्ये कापड कोंबायचे. पुढे १९८०मध्ये गिब्सनने त्यांच्या नावाची ल्युसिल काढली ती एफ-होलशिवायच. घरी वाजवणाऱ्याला एवढं नको. स्पीकरकडे तोंड करून बसू नका, आत पुलाखाली (तारा ज्यावर टेकतात तो) एक आडवी पट्टी टॉप आणि पाठ यांना जोडून लावा, बहुतेक प्रश्न तिथेच मिटतो.

आणि वायरिंगचा विचार आत्ताच करा. सॉलिड गिटारला मागे झाकण असतं, हॉलोला नसतं. चार पॉट (आवाज आणि टोन कमीजास्त करायच्या कळा), एक स्विच, एक जॅक हे सगळं एफ-होलमधून आत सोडावं लागतं. बाहेर एका पुठ्ठ्यावर टॉपचाच आराखडा काढून त्यात पॉट बसवा आणि सगळं सोल्डर करून घ्या. मग प्रत्येक पॉटच्या दांड्यावर मत्स्यालयाची मऊ रबरी नळी घट्ट चढवा, नळीचं दुसरं टोक टॉपच्या भोकातून बाहेर काढा, पॉट एफ-होलमधून आत ढकला आणि नळी ओढत आणा. दांडा भोकातून डोकावला की नळी न सोडता वॉशर आणि नट नळीवरूनच ओवा. नळी सोडली की पॉट आत पडतो आणि पुन्हा श्रीगणेशा. हंबकरला ५०० के पॉट, ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. टेलपीसला (तारा मागे अडकतात तो धातूचा भाग) अर्थची तार न चुकता. विसरलात तर तारांना हात लावला तरी घूंऽऽ थांबत नाही.

जाता जाता: एफ-होल कापण्याआधी पॉट त्यातून जातो का ते बघा. नाजूक एफ-होल दिसतात छान.

चाफा

गिटारमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण घरात एक रंधेकर आहे. धूळ! फिंगरबोर्डसाठी शिसवी वापरणार असाल तर तिच्या भुशाने कित्येकांना अंगावर पुरळ येतं, शिंका थांबत नाहीत. साधा कापडी रुमाल नको, नीट मास्क घाला आणि राऊटरला व्हॅक्युम जोडा. आणि वाळत घातलेले कपडे आधी उचला. हे मी कोणासाठी लिहितेय ते त्याला कळेल, तोही इथे वाचनमात्र असतो.

बेसूर

@चाफा, "घरात एक रंधेकर आहे" हे विशेषण म्हणून वापरायला घेतो.

खडीसाखर

मला एक समजत नाही, पूर्ण पोकळच का? पहिल्या वेळी सेमी-हॉलो करा की. गिटारवादक लेस पॉलने १९४०च्या सुमारास एपिफोनच्या कारखान्यात बसून चार बाय चार इंचांच्या पाइनच्या सोटाला पिकअप आणि तारा लावल्या, आणि लोकांना गिटार वाटावी म्हणून एका पोकळ गिटारचे दोन अर्ध बाजूंना चिकटवले. फीडबॅक गेला. गिब्सनची ईएस-३३५ (१९५८) साधारण त्याच वाटेने जाते, मध्ये मेपलचा ठोकळा आणि बाजूला पोकळी. त्याच सुमारास रिकनबॅकर कंपनीत रॉजर रॉसमाइझल अजून सोपं करत होते. अख्खी लाकडाची बॉडी पाठीमागून पोखरायची आणि पाठ वरून चिकटवायची. पट्ट्या वाकवायला नकोत, साचा नको. तुमच्याकडे राऊटर आहे, एवढ्यात होतं. हवी तर एक एफ-होल कापा, दिसायला.

सुतारपक्षी

खडीसाखरशी अर्धा सहमत. पण त्यांनी 'हॉलो' विचारलं आहे आणि हौसेला तोड नसते, म्हणून वाकवण्याचं सांगतो.

पट्टी २ ते २.२ मिमी, सगळीकडे सारखी. हे सारखेपण फार महत्त्वाचं, कारण जिथे पातळ तिथेच ती कोपरा करून मोडते. दोन इंची लोखंडी पाइप व्हाइसमध्ये आडवा धरायचा, आत हीट गन सोडायची. पाइपवर टाकलेला पाण्याचा थेंब बसून चुरचुरला तर अजून थंड आहे, गोळी होऊन पळाला की तयार. पट्टी ओली करून पाइपवर ठेवायची आणि दाबायचं नाही, नुसतं वजन द्यायचं. थोडा वेळ काहीच होत नाही. मग हाताखाली लाकूड एकदम सैल पडतं, मेणासारखं. त्या क्षणी पुढे सरकायचं. पट्टीच्या बाहेरच्या अंगाला पत्र्याची पट्टी धरली तर तंतू उचकटत नाहीत.

शिसवी छान वाकते. साग तेलकट आणि ठिसूळ, कंबरेच्या वळणावर त्रास देतो. नाहीतर सरळ १ मिमीच्या तीन पट्ट्या साच्याभोवती गोंद लावून गुंडाळा, उष्णता नको की काही नको. फक्त गोंद साधा पांढरा नको. तो सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो आणि वळण उघडतं. युरिया फॉर्मल्डिहाइडचा वापरा, प्लायचे कारखाने तोच वापरतात.

एक ग्राहक

एवढ्या पैशात आणि वेळात विकतची येते. चांगली येते.

सुतारपक्षी

@एक ग्राहक, येते. धाग्याचं नाव परत वाचा.

दर्यावर्दी

रत्नागिरीहून. पावसाचा प्रश्न सगळ्यांनी सोडला, म्हणून मी. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. मे महिन्यात सुकलेली चाळीस सेंटिमीटर रुंद फळी जुलैत उघडी ठेवली तर तीन-चार मिलिमीटर सहज फुगते. पावसाळ्यात टॉप चिकटवला तर तो फुगलेला असतानाच चारही बाजूंनी बांधला जातो. मग डिसेंबरात आकसायला लागतो, कडा सोडत नाहीत, मध्ये तडा. उलट कोरड्या दिवसांत चिकटवला तर पावसात कमान जराशी वर उचलते, तारा थोड्या उंच होतात, बस. म्हणून कोरा कधीही, चिकटवा दसऱ्यानंतर.

तोवर लाकूड बंद कपाटात, खाली बारीक पिवळा बल्ब लावून. आमच्याकडे पेटी आणि कॅमेरा असाच सांभाळतात. एलईडी नको, तो गरम होत नाही. आणि एक ओलावामापक आणा, कपाटात ५० टक्क्यांच्या आसपास काटा ठेवा.

थरांच्या टॉपला हे दुखणं कमी, कारण मधला थर आडवा असतो. पण ते मी बोलणार नाही, कृष्णाकाठ रागावतील.

कृष्णाकाठ

रागावत नाही. तून वर्षानुवर्षं मुरवून घेतात ते याचसाठी. ओलं लाकूड आणून दोन महिन्यांत तबली करायला गेलं तर तडकणारच, त्यात लाकडाचा काय दोष. जुन्या वाड्यांची, जुन्या फर्निचरची लाकडं बघा.

बेसूर

जुन्या लाकडावरून: क्वीनच्या ब्रायन मेने १९६३मध्ये वडिलांबरोबर घरीच गिटार करायला घेतली. मान केली शेकोटीवरच्या जुन्या मँटलची, म्हणजे फळीची, त्यातली किड्यांची भोकं काडेपेटीतल्या काड्यांनी बुजवली. ट्रेमोलोच्या स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या, फिंगरबोर्डवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे. आतून ठिकठिकाणी पोकळ आहे ती. तीच घेऊन माणूस आयुष्यभर वाजवतोय.

अवांतर: त्याच बँडचा फ्रेडी आपल्या पाचगणीत शिकला, तिथेच त्याचा शाळकरी बँड होता. म्हणजे अर्धं क्वीन आपलंच.

मिशिगनी मावळा

अर्धं नाही, पाव. चौघे होते.

अवांतरात माझीही भर. आर्चटॉपचा आपल्याशी खरा संबंध पाहायचा तर ब्रिजभूषण काब्रा. ते गिब्सन सुपर ४०० मांडीवर आडवी घेऊन राग वाजवायचे. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणाही मुळात आर्चटॉपच, तरफा मिळून वीसेक तारा चढवलेली. एवढा भार सपाट टॉपच्या गिटारला झेपणं कठीण. तिथे पूल टॉपलाच चिकटवलेला असतो आणि तारा त्याला उपटायला बघतात. आर्चटॉपला तारा शेवटच्या टेलपीसवर अडकतात, पूल नुसता कमानीवर उभा असतो आणि ताण कमानीला खाली दाबतो. दगडी कमानीचं गणित तेच.

खडीसाखर

आणि म्हणूनच मानेचा कोन महत्त्वाचा, तो अजून कोणी काढला नाही. पूल कमानीवर उभा, म्हणजे टॉपपासून साधारण २० ते २५ मिमी उंच. मान सरळ बसवली तर तारा फ्रेटपासून (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) इतक्या वर जातील की बोटं सोलून निघतील. मान तीन-चार अंश मागे झुकवावी लागते. कापण्याआधी एक मोठा कागद भिंतीला लावा आणि बाजूने पाहिल्यासारखं चित्र पूर्ण मापात काढा: कमान, पूल, फिंगरबोर्ड, फ्रेटची उंची. फ्रेटवरून काढलेली रेघ पुलाच्या माथ्याला शिवली पाहिजे. कुसू आणि खाच त्या कोनात कापायची. दहाच्या तारांचा (सर्वांत बारीक तार ०.०१० इंच) एकूण ताण पंचेचाळीस-पन्नास किलोंच्या घरात असतो, तो सगळा त्या सांध्यावर.

अर्धवट वायरमन

+१. आणि स्केल, म्हणजे नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ते पूल हे अंतर, १७५चीच घ्या, पावणेपंचवीस इंच, म्हणजे ६२८ मिमी आणि काही. प्रत्येक फ्रेटसाठी उरलेली लांबी १७.८१७ने भागायची. पहिला फ्रेट नटपासून ३५.३ मिमी, बारावा बरोबर मध्यावर. मापं नेहमी नटपासून घ्या, मागच्या फ्रेटपासून घेत गेलात तर केसाएवढी चूक विसाव्या फ्रेटपर्यंत दोरीएवढी होते.

रंधेकर

सगळ्यांचे आभार. धागा काढताना एवढं मिळेल वाटलं नव्हतं. थोडं उत्तर, थोडी घोषणा.

कोरणं या खेपेला नाही. कृष्णाकाठ, तुनाची एक जुनी फळी मात्र मिळाली आहे, भवानी पेठेत टिंबर मार्केटला एका वखारीत कोपऱ्यात पडली होती. ती कपाटात बल्बखाली गेली, पुढच्या गिटारसाठी. आत्ताचा टॉप थरांचाच. पण प्रेस कुठून आणू? शोधताशोधता व्हॅक्युम बॅगची कल्पना हाती लागली. साचा एकच लागतो, कमानीचा. त्यावर गोंद लावलेले तीन थर, वरून जाड प्लॅस्टिकची पिशवी, आणि भंगारातल्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरने हवा ओढायची. टॉपचं क्षेत्रफळ साधारण १५०० चौरस सेंटिमीटर धरलं आणि वातावरणाच्या ऐंशी टक्के ओढ मिळाली, तर दाब होतो बाराशे किलो! एवढे क्लॅम्प आख्ख्या बोहरी आळीत नसतील.

साचा पावसाळ्यात करतो, त्याला हवा लागत नाही. फ्रेटचे काप, मान, फिंगरबोर्ड हेही तोवर होईल. चिकटवणं दसऱ्यानंतर. खडीसाखर, भिंतीवरचा कागद लागला आहे, घरच्यांनी त्याला 'एक्स-रे' असं नाव दिलं आहे.

अडचण एकच उरली. शोभेचं विनियर अर्धा मिलिमीटर, तीन थर केले तरी दीडच मिमी होतात. जाड कुठे मिळेल?

सुतारपक्षी

फर्निचरवाल्याकडे मिळणार नाही. प्लायच्या कारखान्यात आतल्या थराचं विनियर दीड ते दोन मिमी असतं, केरळात पेरुंबावूरला ढिगाने. एखाद्या प्लायवाल्याला गाठून आणवा, पण गाठी असतात, निवडून घ्या. नाहीतर विमानांच्या मॉडेलचं सामान विकणाऱ्यांकडे दीड मिमीचं बर्च प्लाय मिळतं. ते आधीच तीन थरांचं असल्याने दोन्ही दिशांना तितकंसं वळत नाही, म्हणून कमान बेताची ठेवा. कडेला सुरकुती येतेय असं दिसलं तर तिथे पाचरीसारखा बारीक काप द्या, तो बाइंडिंगखाली (कडेने फिरणारी पट्टी) लपतो.

आणि कॉम्प्रेसर तेल ओकतो. त्याच्या बाहेरच्या नळीला बाटली लावा.

चाफा

@रंधेकर, भंगारातला फ्रिज ना? घरातला नाही ना? आमच्याकडे कालपासून कोणीतरी फ्रिजच्या मागे जाऊन बघतंय.

दर्यावर्दी

पॉलिश चपड्याचं करा, कापडाच्या बोळ्याने. पण तेही पावसानंतरच. दमट हवेत स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, ओल धरतो आणि पांढरट धुकं बसतं.

कृष्णाकाठ

ती तुनाची फळी दोन्ही टोकांना मेण किंवा रंग लावून ठेवा. टोकांतूनच आधी सुकते आणि तिथूनच चिरते. जाडी किती आहे?

रंधेकर

पाऊण इंच भरेल, रंधा मारून. लावतो मेण. आणि तारा राउंडवाउंड (गोल तारेच्या वेटोळ्याच्या) घेणार आहे, अकराच्या, हे आधीच सांगून टाकतो.

मिशिगनी मावळा

थरांच्या १७५ला राउंडवाउंड?? फ्लॅटवाउंड (चपट्या तारेच्या वेटोळ्याच्या), बाराच्या. दुसरं काही लावणं पाप आहे.

अर्धवट वायरमन

फ्लॅटवाउंडने अॅम्प्लिफायरवर गोधडी टाकल्यासारखं वाटतं. राउंडवाउंडच घ्या, रंधेकर.

बेसूर

चला, आता खरा धागा सुरू झाला.